सड्यावरचे कोळी मोजताना: अर्जापासून नोंदवहीपर्यंत

सड्यावरचे आठ पायांचे कोळी मोजायची आमची परवानगी ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. त्याच रात्री शेवटची मोजणी करून उतरलो आणि चिखलाचे बूट अंगणात उलटे टांगले. मधल्या काळात तिघांनी मला फोन करून विचारलं, "आमच्याही पठारावर असं काही करायचंय, पण कागदपत्रं कुठून सुरू करायची?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगत बसण्यापेक्षा सगळं क्रमानं लिहून ठेवते. मी संशोधक नाही. साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझं माहेर जावळी तालुक्यात आहे, आणि आमच्या गावाच्या डोक्यावर एक सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, आहे. ही सगळी हकीकत त्या सड्याची.

सुरुवात वर्गात झाली. डिसेंबर २०२३ मध्ये आठवीला प्रदेशनिष्ठ, म्हणजे ठरावीक भागातच आढळणारे जीव, शिकवत होते. उदाहरण घरचंच होतं: वायतुरा. कासच्या आणि आसपासच्या सड्यांवर पावसाळ्यात डबक्यांत उगवणारी ही वनस्पती १९८२ मध्ये शास्त्रात नोंदली गेली, तेव्हा तिच्या नावातच सातारा घातला, 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस'. मुलांना ते फार आवडलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, फुलं झाली. पण असा कुठला प्राणी आहे का, जो जगात एकाच जागी राहतो?" मी उद्या सांगते म्हटलं आणि त्या रात्री शोधत बसले.

सापडला तो एक कोळी. पोर्तुगालच्या मदेरा बेटापासून सुमारे २५ किलोमीटरवर डेझेर्टास नावाची तीन ओसाड बेटं आहेत. त्यांतल्या डेझेर्टा ग्रांदे या मोठ्या बेटाच्या उत्तर टोकाला एक दरी आहे, वाले दा कास्तान्येइरा. हा लांडगा कोळी, म्हणजे धावून शिकार करणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला, जगात फक्त त्या एका दरीत आहे. 'होग्ना इंजेन्स' हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि त्याचं पहिलं वर्णन जॉन ब्लॅकवॉल यांनी १८५७ मध्ये केलं. मादीचं शरीर चार सेंटिमीटरपर्यंत, पाय पसरले की बारा सेंटिमीटर. काळा-राखाडी रंग, पायांवर पांढरे ठिपके. दगडाखालच्या फटीत राहतो, किडे आणि सहस्रपाद खातो, कधी पालीसारख्या सरड्याचं पिल्लूही धरतो.

मला तिथेच खिळवून ठेवलं ते त्याच्या जागेच्या आकड्यांनी. पूर्ण दरी ८३ हेक्टरांची. २०१२ च्या सुमारास त्यातल्या फक्त २३ हेक्टरांवर कोळी उरला होता. बाकीची जमीन फालारिस नावाच्या बाहेरून आलेल्या गवतानं गिळली होती. ते गवत इतकं दाट वाढतं की दगड आणि भेगा झाकून जातात, आणि कोळ्याचं घर बंद होतं. माणसांनी पूर्वी बेटावर ससे सोडले होते. त्यांनी तिथली माती आणि झाडोरा उजाड केला म्हणून १९९६ मध्ये ससे काढून टाकले, आणि ते गवत खाऊन आवरणारे ससे उरले नाहीत तेव्हा ते माजलं. आता तिथे ते निवडून मारावं लागतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या प्राणिसंग्रहालयात या कोळ्याची पैदासही केली. २०१७ मध्ये हजारावर पिल्लं निघाली.

डेझेर्टा ग्रांदे साधारण दहा चौरस किलोमीटरचं बेट आहे. आपलं कासचं पठारही जवळपास तेवढंच. मला आमचा सडा आठवला. खाली चहूबाजूंनी जंगल आणि शेत, वर जांभ्याचा उघडा कातळ, वीतभरही माती नाही. पावसाळ्यात चार महिने पाणी, उन्हाळ्यात तवा. खालचा जीव वर टिकत नाही, वरचा खाली उतरत नाही. समुद्र नसला म्हणून काय झालं? आणि त्या दरीत ८३ चे २३ झाले हे कळलं, कारण कुणीतरी आधी जाऊन मोजून ठेवलं होतं. आमच्या सड्यावर कोळी किती आहेत, हे कुणीच कधी मोजलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला कोळ्याची गोष्ट सांगितली आणि हेही सांगितलं की आपण मोजून बघू.

बोलणं सोपं होतं. जानेवारीत मी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना भेटले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जमीन कोणाची?" मला उत्तर देता आलं नाही. गावात सगळे 'आपला सडा' म्हणतात, पण कागदावर तो आपला नसतो. तुम्ही असलं काही करणार असाल तर पहिला आठवडा इथेच घाला. मी गावच्या गटांचे डिजिटल सहीचे सातबारे काढले, एका उताऱ्याला १५ रुपये. अकरा उतारे निघाले. गाव नकाशावर ते रंगवले तेव्हा चित्र कळलं: सड्याचा निम्म्याहून जास्त भाग वनखात्याचा, एक पट्टा गायरान, आणि दक्षिणेकडचे तीन गट भावकीतल्या चार माणसांच्या मालकीचे. म्हणजे तीन ठिकाणची परवानगी.

मालकीच्या जमिनीचं सर्वांत सोपं निघालं. चौघांपैकी दोघे मुंबईत असतात. त्यांनी फोनवर हो म्हटलं, पण मी साध्या कागदावर संमती लिहून व्हॉट्सॲपवर सही मागवली. नंतर ती दोनदा कामाला आली.

गायरानासाठी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घेतला. मी आदल्या आठवड्यात सरपंचांना अर्ज दिला होता, तरी विषयपत्रिकेत तो शेवटी आला. तोवर निम्मी माणसं उठून गेली होती. उरलेल्यांपैकी एका आजोबांनी उभं राहून विचारलं, "दुर्मीळ किडा घावला म्हणजे सडा बंद करणार का? मग गुरं कुठं न्यायची?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. इतकंच सांगितलं, की मी फक्त मोजणार आहे, काही पकडणार नाही, आणि जे सापडेल ते आधी या सभेपुढे ठेवणार. मग त्या बेटाची गोष्ट सांगितली. हेक्टर कुणाला कळेनात, म्हणून २३ हेक्टर म्हणजे साधारण ५७ एकर असं म्हटलं. एकदम शांतता झाली. सत्तावन्न एकर म्हणजे आमच्याकडच्या दोन-तीन घरांची मिळून जमीन. एका आख्ख्या जातीला जगात तेवढीच जागा.

तेव्हा आमचे धाकटे चुलते, तात्या, बोलले. त्यांनी आयुष्यभर सड्यावर म्हशी चारल्यात. "ससं काढलं आन् गवत माजलं म्हनतीस. हितंबी तसंच हाय. गुरं गेली न्हाईत त्या कोपऱ्यात गुडघाभर गवत आसतं, दगूड दिसत न्हाई. तिथं तुझं कोळी बघ आन् चरल्याल्या जागंतबी बघ." मी कागदावर लिहून घेतलं. आमच्या मोजणीचा सगळा आराखडा त्या वाक्यावर उभा राहिला. तिथले ससे माणसानं नेलेले आणि आमच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या चरणाऱ्या, म्हणून दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न तोच होता. ठराव झाला. ग्रामसेवकांकडून ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मिळायला नऊ दिवस लागले.

वनखात्याच्या जमिनीसाठी अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावे करायचा, असं कळलं. जागा अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात असेल तर प्रकरण वेगळं. तिथे वन्यजीव कायद्याच्या कलम २८ प्रमाणे राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. आमचा सडा त्याच्या बाहेर होता. १२ फेब्रुवारीला मी अर्ज दिला. सोबत प्राध्यापकांचं मार्गदर्शक म्हणून पत्र, महाविद्यालयाचं पत्र, दोन पानी आराखडा, आधारची प्रत, ग्रामसभेचा ठराव, आणि कोणताही जीव पकडणार नाही अशी हमी. एकट्या व्यक्तीच्या अर्जाला वजन नसतं, संस्थेचं पत्र जोडाच. आवक क्रमांक लिहून घ्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. मी मारून घेतला नसता तर पुढचं सगळं थांबलं असतं, कारण मार्चमध्ये चौकशीला गेले तेव्हा अर्ज कुणाला सापडेना. शिक्क्याची प्रत दाखवल्यावर दुसऱ्या प्रतीवर काम सुरू झालं. त्या दिवशी मी एसटी स्टँडवर बसून रडले, हेही लिहिते. शाळेतून अर्धी रजा, दीड तास रांग, आणि हाती काही नाही.

त्यानंतर १५ मार्चला त्रुटीचं पत्र आलं. नकाशावर मोजणीच्या चौकोनांचे अक्षांश-रेखांश नव्हते. चूक माझीच. रविवारी तात्यांबरोबर सड्यावर जाऊन मोबाइलनं वीस जागांचे बिंदू घेतले: दहा चरलेल्या भागात, दहा न चरलेल्या भागात. पण १६ मार्चलाच लोकसभेची आचारसंहिता लागली होती. सगळी कार्यालयं त्यात गुंतली, आणि मीही. ७ मे रोजी आमच्याकडे मतदान झालं, त्याची ड्यूटी मला होती. फेब्रुवारी ते मे मध्ये कुठल्याही निवडणुका असतील तर परवानगीचं काम जानेवारीतच उरका. परवानगीचं पत्र हाती पडलं १३ जूनला. मी ते चार वेळा वाचलं.

अटी साध्या होत्या. किमान दोन माणसं, आदल्या दिवशी वनरक्षकांना कळवायचं, मुक्काम नाही, विस्तव नाही, काही उचलायचं नाही, शेवटी अहवाल आणि छायाचित्रांची प्रत द्यायची. आमच्या बीटचे वनरक्षक दादा पहिल्या रात्री स्वतः आले. त्यांनी जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात मला सापडलं नव्हतं. सड्यावर फुरसं असतं, दगडाच्या कडेला, आणि ते दगडासारखंच दिसतं. हातानं दगड उलटायचा नाही. काठीनं, आणि जवळची कड पलीकडे ढकलून नव्हे, पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे खाली काही असलं तर दगड मध्ये आडवा राहतो. बघून झालं की दगड होता तसाच, होता त्याच बाजूनं ठेवायचा. त्याखालची ओल हेच कुणाचं तरी घर असतं.

रात्री कोळी शोधणं मात्र दगड न उचलताही होतं. लांडगा कोळ्याला आठ डोळे असतात. खाली चार बारीक, त्यावर दोन मोठे, त्यांच्या मागे आणखी दोन. वरच्या आणि मागच्या या चार डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो. विजेरी हातात धरली तर काही दिसत नाही. कपाळावर, डोळ्यांच्या शेजारी बांधली तर परतलेला प्रकाश थेट आपल्या डोळ्यांत येतो, आणि अंधारात हिरवट-निळे ठिपके चमकायला लागतात. पहिल्यांदा मला ते दवबिंदू वाटले. तात्यांना वाटलं काजवे. जवळ गेले तेव्हा एकेका ठिपक्याखाली एकेक कोळी बसलेला. चाळीस वर्षं हा माणूस या कातळावरून रात्री-अपरात्री फिरलेला, पण कपाळावर दिवा त्यानं कधी बांधला नव्हता. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "येवढं समदं आपल्याकडं बघत हुतं व्हय?"

कपाळावरचे दोन दिवे १,३०० रुपयांना पडले. गमबूट ४२० चे, दहापट मोठं दाखवणारं भिंग ३०० चं. पाच मीटर बाजूचा चौकोन आखायला नायलॉनची दोरी आणि चार खुंट्या. एसटीला महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासाला फार लागलं नाही. झेरॉक्स, नकाशे आणि अर्जाच्या खेपा धरून सगळा खर्च सहा हजारांच्या आत बसला. यात माझ्या सुट्ट्या धरलेल्या नाहीत.

महिन्याला दोन रात्री असं ठरवलं होतं, बारा रात्री. झाल्या नऊ. जुलैच्या दोन्ही रात्री धुक्यात गेल्या. दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहायची. त्यातल्या दुसऱ्या रात्री वाट चुकून आम्ही एक तास एकाच कड्याभोवती फिरलो. तेव्हापासून मी चढताना दर वळणावर चुन्याची खूण करते. सप्टेंबरात एकदा सड्याच्या तोंडाशी गव्यांचा कळप उभा होता. तात्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही मागच्या पावली उतरलो. त्या रात्रीची नोंद कोरीच आहे.

ऑगस्टमधली एक सकाळ मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. रात्र अपुरी राहिली म्हणून उजाडता उजाडता पुन्हा वर गेलो. गवतावर हजारो नरसाळी पसरलेली, प्रत्येकात दव साठलेलं. हे हिप्पासा नावाचे कोळी. तेही लांडगा कोळ्यांच्याच कुळातले, पण शिकारीला धावण्याऐवजी जाळं विणतात आणि नरसाळ्याच्या तळाशी वाट बघत बसतात. ऊन चढलं तसं दव गेलं, आणि अर्ध्या तासात सड्यावर एकही जाळं दिसेना. जाळी होती तिथेच होती.

मोजणीचे आकडे इथे थोडक्यात. सर्वांत जास्त ठिपके सप्टेंबरच्या पहिल्या रात्री मिळाले, वीस चौकोनांत मिळून २१४. त्यांतले बहुतेक पिल्लं होते. चरलेल्या चौकोनांत न चरलेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त कोळी दिसले. मला हे तात्यांना लगेच सांगावंसं वाटलं, पण प्राध्यापकांनी थांबवलं. गुडघाभर गवतात कोळी कमी असतात, की गवताआड डोळे चमकत नाहीत म्हणून कमी दिसतात? आमच्या पद्धतीनं हे ठरवता येत नाही. अहवालात ते तसंच लिहिलं.

नावांच्या बाबतीतही हात आखडता घ्यावा लागला. फोटोंवरून सात वेगवेगळे प्रकार वाटले. दोन प्रकारांना फक्त कुळापुढची पायरी, म्हणजे प्रजाती, सांगता आली. कोळ्याची जात ओळखायची तर पूर्ण वाढलेला जीव सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो: मादीच्या पोटाखालची जननरचना, नराच्या तोंडाशेजारचे पाल्प. पिल्लावरून जात कळतच नाही. आम्ही काही पकडणार नाही अशी हमी दिली होती, आणि पहिल्या वर्षी ती हमी दिली हे योग्यच झालं. एक प्रकार, कातळाच्या भेगांतच दिसणारा, जांभ्याच्या रंगाचा, कुणालाच ओळखता आला नाही. याचा अर्थ तो नवा आहे असा होत नाही. त्याला अजून कुणी नीट बघितलेलं नाही, एवढाच होतो. कृपया गावातल्या बातम्यांवर जाऊ नका.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तोवरचे आकडे मांडले. जानेवारीत प्रश्न विचारणारे आजोबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी फोटो हातात घेऊन, लांब धरून बघितले. पाठीवर पिल्लं घेतलेली एक मादी होती. अंड्यांची पिशवी ती पोटाच्या टोकाला चिकटवून फिरते, आणि पिल्लं बाहेर आली की ती तिच्या पाठीवर चढतात. "हिला आमच्याकडं भुईकोळी म्हनत्यात," ते म्हणाले. हे नाव मला माहीत नव्हतं. तात्यांनाही नव्हतं.

त्याच सभेत ठरलं, की गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत कोळी घालायचे. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ही वही तिनं ठेवायची असते. आमची वही ग्रामपंचायतीच्या कपाटात होती. झाडं, औषधी वनस्पती, पक्षी बरेच लिहिलेले. किड्यांना एक पान, त्यावर मधमाशी आणि वाळवी. तुमच्या गावची वही मागून बघा, ती बघायला मागण्यात काही वावगं नाही. नवी नोंद समितीच्या बैठकीत घ्यावी लागते. विधानसभेच्या आचारसंहितेमुळे आमची बैठक २० नोव्हेंबरच्या मतदानानंतरच होऊ शकली.

समितीतल्या एका वहिनींनी स्वतःच्या हातानं लिहिलं, कारण त्यांचं अक्षर सर्वांत चांगलं. नाव: लांडगा कोळी. स्थानिक नाव: भुईकोळी. ठिकाण: सडा, गट क्रमांक. काळ: जून ते नोव्हेंबर. शास्त्रीय नावाच्या रकान्यात 'तपासणी बाकी' लिहिलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात काय लिहायचं कुणाला सुचेना, तेव्हा दारात उभे असलेले तात्या म्हणाले, "लिव्ह, दगूड उचलला तर परत जाग्यावर ठिवावा." वहिनींनी ते तसंच्या तसं लिहिलं.

वनखात्याला अहवाल ६ डिसेंबरला दिला. त्याच दिवशी पुढच्या वर्षाचा अर्जही. या वेळी त्या भेगांतल्या कोळ्याचा एक नर आणि एक मादी तपासणीसाठी घेऊ द्यावी अशी वेगळी विनंती जोडली आहे. त्यासाठी स्वतंत्र मंजुरी लागेल आणि वेळ जास्त जाईल, असं सांगितलं गेलंय. नकाशावर वीसही बिंदूंचे अक्षांश-रेखांश घातले आहेत. आवक क्रमांक मिळाला, माझ्या प्रतीवर शिक्का आहे.